मॉलमधला बंद गाळा: विकायचा की थांबायचं, आणि चालता मॉल बसतो कशामुळे

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांनी २००७ मध्ये मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका मॉलमध्ये दुसऱ्या मजल्यावर २१० चौरस फुटांचा गाळा ३१ लाखांना घेतला. पहिली तीन वर्षं बिल्डरकडून महिना २८ हजार आले. नंतर एक मोबाइल कव्हरवाला, मग एक क्लासवाला, आणि आता चार वर्षं शटर खाली. मेंटेनन्सची थकबाकी ३ लाख ५६ हजारांवर गेली आहे. एक ब्रोकर म्हणतो, १४ लाखांना गिऱ्हाईक आहे. विकायचा की थांबायचं? आणि एवढा गजबजलेला मॉल बसला कसा, ऑनलाइन खरेदीमुळेच ना?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे, म्हणून आधी दुसरा घेतो. मॉल का बसला हे नीट कळलं नाही, तर तो उठू शकतो का याचा अंदाज येणार नाही, आणि त्या अंदाजाशिवाय १४ लाख कमी की जास्त हे सांगता येत नाही. बाजारपेठेतलं दुकान स्वतःच्या बळावर चालतं. मॉलमधला गाळा तसा चालत नाही. त्याचं गिऱ्हाईक त्याने आणलेलं नसतं, इमारतीने आणलेलं असतं. त्यामुळे तुमच्या २१० फुटांची किंमत त्या २१० फुटांत शोधून सापडणार नाही.

तुमची कागदपत्रं मी पाहिलेली नाहीत. तीन गोष्टींवर माझं उत्तर फिरू शकतं: जमीन कोणाच्या नावावर आहे, गाळेधारकांची नोंदणीकृत सोसायटी आहे का, आणि इमारतीची अग्निसुरक्षा चालू स्थितीत आहे का. या तिन्हींकडे पुढे येतो.

आधी मॉल उभा कसा राहिला ते. कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंतचा एल. बी. एस. मार्ग, म्हणजे जुना आग्रा रोड, हा कारखान्यांचा पट्टा होता. कारखाने बंद पडत गेले आणि मोठे सलग भूखंड मोकळे झाले. त्याच सुमारास, १९९९ मध्ये, हाजीअलीजवळ क्रॉसरोड्स सुरू झाला आणि वातानुकूलित छताखाली खरेदी ही कल्पना मुंबईकरांना कळली. राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना सुरुवातीच्या वर्षांसाठी करमणूक करात सवलत दिली, त्यामुळे अनेक नव्या मॉलच्या वरच्या मजल्यावर सिनेमा आला. शॉपर्स स्टॉप, पँटलून्स, बिग बझार यांना उपनगरात मोठ्या जागा हव्याच होत्या. मागणी खरी होती. मुलुंड, भांडुप, घाटकोपर इथे दोन पगारांची नवी कुटुंबं राहायला येत होती आणि रविवारी कुटुंबाला घेऊन जायला सावलीची, स्वच्छ, स्वच्छतागृह असलेली जागा जवळपास नव्हती. मॉलने ती दिली. त्या गर्दीत खोटं काहीच नव्हतं.

चूक झाली ती मालकीच्या रचनेत. मॉल बांधून भाड्याने द्यायचा तर बिल्डरचा पैसा दहा-बारा वर्षं अडकतो. गाळे पाडून विकले तर बांधकाम चालू असतानाच पैसा हातात येतो. म्हणून अनेकांनी मॉलचे शे-दोनशे फुटांचे तुकडे केले आणि निवृत्तीचा फंड हातात आलेल्या तुमच्या वडिलांसारख्या लोकांना विकले. सोबत 'अ‍ॅश्युअर्ड रिटर्न', म्हणजे दरमहा ठरलेल्या परताव्याची हमी असायची. तुमच्याच आकड्यांवर ती तपासून पाहा. महिना २८ हजार म्हणजे वर्षाला ३ लाख ३६ हजार. ३१ लाखांवर हा परतावा १०.८ टक्के पडतो. तीन वर्षांत मिळाले १० लाख ८ हजार. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या गाळ्यात तेवढं भाडं भरून नफा काढणारा दुकानदार बसला होता का? बसला नसेल, तर ते पैसे धंद्यातून आलेले नाहीत. खरेदीच्या किमतीत वाढवून घेतलेलेच तुम्हाला परत मिळाले. अशा व्यवहारात गाळ्याची खरी किंमत ३१ लाख नसतेच, २० ते २१ लाखांच्या आसपास असते. म्हणून १४ लाखांकडे पाहताना ३१ हा आकडा डोक्यातून काढा. तो फार दुखवतो आणि निर्णय चुकवतो.

२१० फूट हेही विक्रीयोग्य क्षेत्र आहे. मॉलमध्ये पॅसेज, मधला मोकळा चौक, सरकते जिने, एसी प्लांट हे सगळं त्यात धरलेलं असतं, त्यामुळे हातात कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, पडतो निम्मा किंवा थोडा जास्त. तुमचा साधारण ११५ फूट असेल. खरेदीखतात कार्पेटचा आकडा वेगळा लिहिलेला असतो, तो शोधा. पुढचे सगळे हिशेब त्यावर होतात.

आता मॉल चालतो कसा. मोठा भाडेकरू, ज्याला धंद्यात अँकर म्हणतात, तो एकूण जागेच्या ४० ते ५० टक्के जागा घेतो आणि दर फुटाला लहान दुकानांच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं, फार तर निम्मं भाडं देतो. ही सवलत त्याला फुकट मिळत नाही. तो गर्दी आणतो आणि त्या गर्दीच्या वाटेवर बसलेली लहान दुकानं जास्त भाडं देऊन मॉलचा खर्च भागवतात. म्हणूनच अँकर दोन टोकांना ठेवतात आणि लहान दुकानं मध्ये. चढायचा सरकता जिना एका टोकाला आणि पुढच्या मजल्याचा दुसऱ्या टोकाला असतो, म्हणजे माणसाला पूर्ण मजला चालावाच लागतो. सिनेमा सर्वांत वर असतो, कारण तिकीट काढलेला माणूस वर जातोच आणि उतरताना प्रत्येक मजल्यावरून येतो.

हे गणित टिकायला कुणीतरी एकाने दर दोन-तीन वर्षांनी पट मांडावा लागतो. न चालणारं दुकान हलवायचं, दोन जोडून मोठं करायचं, कपड्यांच्या शेजारी चपला आणायच्या, खाण्याची रांग सिनेमाच्या तोंडाशी आणायची. दुकानदाराच्या विक्रीच्या प्रमाणात भाडं ठरवायचं, किमान हमी किंवा विक्रीचा टक्का यांपैकी जे जास्त असेल ते. कपड्यांचं दुकान विक्रीच्या १५ ते २० टक्के भाडं सोसतं, किराणा ३ ते ५ टक्क्यांच्या वर सोसत नाही. कोणाला कुठे आणि कितीने बसवायचं हे ज्याच्या हातात आहे, तोच मॉल चालवतो. पाचशे गाळेधारक असतील तर ते कोणाच्याच हातात नसतं. प्रत्येक जण जो पहिला येईल त्याला देतो. दागिन्यांच्या शेजारी झेरॉक्स येतं आणि त्याच्या शेजारी कुलूप.

याचं मूळ उदाहरण पाहण्यासारखं आहे. अमेरिकेत मिनेसोटातल्या इडायना या उपनगरात ऑक्टोबर १९५६ मध्ये साउथडेल सेंटर सुरू झालं. पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित असा हा पहिला मॉल, व्हिक्टर ग्रूएन या मूळच्या व्हिएन्नातल्या वास्तुरचनाकाराचा. त्याने दोन प्रतिस्पर्धी डिपार्टमेंट स्टोअर एकाच छताखाली आणली आणि वाहनतळ असा उतरता ठेवला की निम्मी माणसं थेट वरच्या मजल्यावर शिरतील आणि निम्मी खालच्या. वरचा मजला मागे पडू नये म्हणून केलेली ही योजना आहे. आपल्या उपनगरांतल्या बहुतेक मॉलमध्ये तळघरातल्या वाहनतळातून माणूस तळमजल्यावर येतो आणि वर जायचं की नाही हे त्याच्या मर्जीवर सोडलेलं असतं. म्हणून तळमजल्याचं भाडं १०० धरलं तर पहिल्याचं ६५ ते ७० आणि दुसऱ्याचं ४० ते ५० मिळतं. विकताना मात्र दुसरा मजला एवढ्या फरकाने स्वस्त विकला गेला नाही.

साउथडेल आजही उभं आहे. तिथलं एक मोठं डिपार्टमेंट स्टोअर गेलं, तेव्हा त्या जागेवर व्यायामशाळा आणि क्लब आला, आवारात राहण्याच्या इमारती झाल्या. मालक एकच होता, म्हणून अँकर गेल्यावर दुसरा आणता आला. अमेरिकेत शेकडो मॉल मेले हे खरं आहे, पण जे वाचले ते असे वाचले. आपल्याकडे मालाडचा इनऑर्बिट २००४ चा, घाटकोपरचा आर सिटी २००९ चा, कुर्ल्याची फिनिक्स मार्केटसिटी २०११ ची. ऑनलाइन खरेदी त्यांच्या दारातही आली आणि २०२० मध्ये तेही मार्चपासून ऑगस्टपर्यंत बंद होते. तरी ते चालू आहेत. त्यामुळे ऑनलाइनमुळे मॉल बसला हे उत्तर मला पटत नाही. ऑनलाइनने पुस्तकं, मोबाइल, इलेक्ट्रॉनिक्स ही दुकानं काढून नेली. ज्या मॉलला त्या जागी खाणं, मुलांचे खेळ, दवाखाने, सलून आणता आली ते सावरले. ज्यांना कोणालाच हलवता आलं नाही, ते आहे तिथे रिकामे होत गेले. जवळच दहा-बारा लाख फुटांचा मोठा मॉल आला की गिऱ्हाईक तिकडे जातं, हा धक्का खरा असतो. पण तोही दुबळ्या रचनेलाच मोडतो.

घसरण कशी होते ते मेंटेनन्सच्या हिशेबात स्वच्छ दिसतं. समजा इमारतीचं विक्रीयोग्य क्षेत्र २ लाख फूट आणि महिन्याचा खर्च ४० लाख. दर फुटाला २० रुपये. ४० टक्के गाळेधारकांनी भरणं थांबवलं तर उरलेल्या १ लाख २० हजार फुटांवर तोच खर्च ३३ रुपयांवर जातो. भरणाऱ्यांवर एवढा बोजा टाकला तर तेही थांबतात. म्हणून समिती दर वाढवत नाही, सेवा कापते. सुरक्षारक्षक, सफाई, लिफ्टची वार्षिक देखभाल, जनरेटरचं डिझेल, विमा या खर्चांचा बराचसा भाग अर्धा मॉल रिकामा झाला तरी अर्धा होत नाही.

सर्वांत आधी एसी कापला जातो, कारण बिल तिथे मोठं असतं. इथे एक तांत्रिक अडचण आहे जी समित्यांना उशिरा कळते. मॉलचे मोठे सेंट्रिफ्यूगल चिलर, म्हणजे एसीसाठी पाणी थंड करणारी यंत्रं, पूर्ण गर्दीच्या हिशेबाने बसवलेले असतात. भार २५-३० टक्क्यांखाली गेला की ते नीट चालत नाहीत, हादरे देतात (याला सर्ज म्हणतात), वारंवार बंद पडतात आणि टनामागे वीज जास्त खातात. म्हणजे थंडावा निम्मा केला तरी बिल निम्मं होत नाही. उपाय असतो एखादा लहान स्क्रू चिलर किंवा मजल्यापुरती व्हीआरएफ यंत्रणा, पण त्याला भांडवल लागतं आणि थकबाकीदारांच्या मॉलमध्ये ते कोण घालणार? मग दुकानदार आपापले स्प्लिट एसी लावतात, बाहेरची युनिटं पॅसेजमध्येच गरम हवा सोडतात आणि मजला आणखी तापतो.

एसीनंतर सरकते जिने बंद होतात. बंद सरकत्या जिन्याची पायरी सुमारे आठ इंच उंच असते, साध्या जिन्याची सहाच्या आसपास. बंद जिना चढताना गुडघ्यात जे जड वाटतं ते या दोन इंचांमुळे. आजी, गरोदर बाई, लहान मूल कडेवर असलेला बाप तिथेच थांबतो. तुमच्या दुसऱ्या मजल्याचं गिऱ्हाईक तुटलं ते या पायऱ्यांवर. 'वीज वाचवण्यासाठी दुपारी बंद' अशी पाटी लागली त्या महिन्यात दुसऱ्या मजल्याचं भाडं पडायला सुरुवात झाली असणार.

मग अँकर जातो. फ्यूचर समूह अडचणीत आल्यावर फेब्रुवारी २०२२ मध्ये बिग बझारच्या शेकडो दुकानांचे ताबे रिलायन्सकडे जायला लागले. काही ठिकाणी नव्या नावाने दुकान उघडलं, काही ठिकाणी उघडलंच नाही. एकमालकी मॉलने तीच जागा तुकडे करून चार भाडेकरूंना दिली. तुकड्या-तुकड्यांच्या मॉलमध्ये ती जागा बिल्डरने स्वतःकडे ठेवलेली, तो कर्जात, त्यावर बँकेचा बोजा, आणि मग तळमजल्यावर पन्नास हजार फुटांचा अंधार. त्यापुढे जे येतात ते गिऱ्हाईक आणणारे नसतात, स्वस्त जागा शोधणारे असतात. गोदाम, कॉल सेंटर, क्लास, एखादं रुग्णालय.

या शेवटच्या टप्प्याबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. भांडुपचा ड्रीम्स मॉल सर्वांना माहीत आहे. हजाराच्या आसपास गाळे, त्यांचे शेकडो मालक, वाद, आणि नंतर कंपनी कायदा न्यायाधिकरणाने नेमलेला प्रशासक. २५ मार्च २०२१ च्या मध्यरात्री मॉलला आग लागली आणि वरच्या मजल्यावरच्या कोविड रुग्णालयातल्या रुग्णांचे जीव गेले. दुकानांसाठी बांधलेल्या, निम्म्या रिकाम्या इमारतीत रुग्ण किंवा मुलं वरच्या मजल्यावर ठेवणं म्हणजे फक्त भाडेकरू बदलणं नव्हे. बंद गाळ्यांत साठलेला माल, बंद पडलेले स्प्रिंकलर, कुलूप लावलेले आपत्कालीन जिने, धूर वर नेणारा मधला चौक, हे सगळं तिथे एकत्र येतं. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली परवानाधारक एजन्सीचं 'फॉर्म बी', म्हणजे अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. तुमच्या मॉलचं शेवटचं कधीचं आहे हे समितीला लेखी विचारा. ते नसेल तर गाळा कोणालाही भाड्याने देऊ नका, स्वस्तातही नाही. पंप हाताने चालू करून वरच्या मजल्यावरच्या होज रीलला पाणी येतं का ते उभं राहून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे.

आता तुमचे कागद. पहिला, मिळकत पत्रिका, म्हणजे जमिनीचं प्रॉपर्टी कार्ड. त्यावर जमीन अजून बिल्डरच्या नावावर असेल तर अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून देणं, झालेलं नाही. मेलेल्या मॉलमध्ये गाळ्याला जी किंमत उरते ती खरं तर जमिनीतल्या वाट्याची असते. पुनर्विकास झाला तर त्याच्या जोरावर बोलणी होतात. बिल्डर दिवाळखोरीत गेला असेल आणि जमीन त्याच्याच नावावर असेल, तर तुमचा हक्क शून्य होत नाही, पण वर्षानुवर्षं लटकतो. सोसायटी नोंदलेली असेल तर मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे बिल्डर सही करत नसला तरी जमीन नावावर होण्यासाठी, जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. महाराष्ट्राच्या १९६३ च्या फ्लॅट मालकी कायद्यातली फ्लॅटची व्याख्या दुकान आणि ऑफिसलाही लागू होते, त्यामुळे 'हे फक्त राहत्या इमारतींना असतं' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

दुसरा कागद थकबाकीचा तक्ता. ३ लाख ५६ हजार कसे होतात ते मी मांडून पाहिलं. २१० फुटांना २२ रुपये धरले तर महिना ४,६२०. ४८ महिन्यांचे २ लाख २१ हजार ७६०. त्यावर १८ टक्के जीएसटी ३९ हजार ९१७. आणि १८ टक्के सरळव्याज सरासरी दोन वर्षांचं, सुमारे ९४ हजार. बेरीज जवळजवळ तुमच्या आकड्यावर येते, म्हणजे तुमच्याकडे हाच दर लागला असण्याची शक्यता आहे. मुद्दल आणि जीएसटी वाटाघाटीत कमी होत नाहीत. व्याज होतं, विशेषतः सर्वसाधारण सभेने एकरकमी भरणाऱ्यांसाठी माफीचा ठराव केला तर. असा ठराव तुम्हीच मांडा. समितीला रोकड हवी असते, तुम्हाला ना-हरकत हवी असते. त्याच सभेत आणखी दोन हिशेब मागा: वाहनतळ, जाहिरात फलक आणि गच्चीवरचे मोबाइल टॉवर यांचं भाडं कोणाच्या खात्यात जातं, आणि वीज जोडणीची करारातली मागणी किती किलोव्होल्ट-अँपिअर आहे. मॉल निम्मा बंद असूनही जुनीच मागणी कायम असेल तर न वापरलेल्या विजेचाही स्थिर आकार दर महिन्याला जातो. ती कमी करण्याचा अर्ज वीज कंपनीकडे करता येतो. इतक्या साध्या गोष्टीतून बऱ्यापैकी रक्कम वाचते, आणि तरीही वर्षानुवर्षं कोणी अर्ज करत नाही.

मॉल पुन्हा उठेल का? जुन्या रूपात नाही. मजला उठू शकतो. आज उपनगरात स्वस्त कपड्यांची साखळी दुकानं, जिम, निदान केंद्रं यांना सलग ८ ते १० हजार फूट कार्पेट लागतो. तुमच्यासारखे ११५ फुटांचे सुमारे ७० गाळे एकत्र आले, तर तेवढी जागा होते. घरपोच दहा मिनिटांत माल देणाऱ्यांनाही तीन-चार हजार फूट हवे असतात, पण त्यांना रस्त्याला लागून दुचाकी उभ्या करायला जागा आणि दिवसरात्र माल उतरवायची सोय पाहिजे, म्हणून दुसऱ्या मजल्याला त्यांची आशा धरू नका.

एकत्र येण्याची पद्धत अशी. मजल्याचा मंजूर नकाशा मोठा छापून घ्या आणि प्रत्येक गाळ्यावर मालक, चालू-बंद, बँकेचा बोजा, थकबाकी लिहा. सापडत नसलेले मालक वेगळ्या रंगात. सलग तुकडा कुठे मिळतो ते पाहा, सगळा मजला एकदम धरू नका. त्या तुकड्यातल्या मालकांनी एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी संस्था, करून सगळे गाळे एलएलपीला नोंदणीकृत भाडेपट्ट्याने द्यायचे आणि एलएलपीने मोठ्या भाडेकरूला. भाडं वाटायचं ते कार्पेटच्या प्रमाणात, गाळा कोपऱ्याचा की आतला हे न पाहता. योजना मोडते ती नेमकी इथे: जिन्यासमोरचा गाळेधारक म्हणतो मला दुप्पट हवं. त्याला सुरुवातीलाच दहा-पंधरा टक्के जास्त देऊन लेखी बांधून घ्या, नाहीतर तुकड्याच्या बाहेर ठेवून नकाशा फिरवा. गाळ्यांमधल्या भिंती सहसा ब्लॉकच्या असतात, त्या निघतात. पण संरचनात्मक अभियंत्याच्या पत्राशिवाय एकही पाडू नका. दुकानांचे मजले सहसा दर चौरस मीटरला ४०० किलो भाराच्या हिशेबाने केलेले असतात, उंच रॅकचं गोदाम तो सहज ओलांडतं. मधला पॅसेज भाडेकरूला आत घ्यायचा असेल तर तो सामाईक आहे, सभेची मंजुरी लागेल, पालिकेची आणि अग्निशमन दलाचीही. आपत्कालीन जिन्याकडे जाणारी वाट एक फूटही अरुंद करायची नाही.

आता पैशांचा हिशेब. १४ लाखांतून पूर्ण थकबाकी वजा केली तर १० लाख ४४ हजार हातात येतात. ७ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ७३ हजार. थांबलात तर हे मिळत नाहीत, शिवाय जीएसटीसह महिना ५,४५२ प्रमाणे वर्षाला ६५ हजारांचा मेंटेनन्स चढतो. म्हणजे थांबण्याची किंमत वर्षाला १ लाख ३८ हजार, मालमत्ता कर वेगळा. समोर एकत्रित भाडं दर कार्पेट फुटाला ५० रुपये मिळालं तर महिना ५,७५०, वर्षाला ६९ हजार, आणि मेंटेनन्स भाडेकरूवर. तेव्हा एकत्र येणं जमलं तर नुकसान थांबतं आणि जमिनीचा वाटा हातात राहतो. जमलं नाही तर थांबण्यात काहीच अर्थ नाही. त्यामुळे मुदत घालून घ्या. जमीन सोसायटीच्या नावावर आहे किंवा अर्ज दाखल आहे, अग्निसुरक्षा चालू आहे आणि तुमच्या गाळ्याभोवतीच्या सत्तरेक गाळ्यांचे मालक बारा महिन्यांत सह्या करायला तयार आहेत, तर थांबा. यातली एखादी गोष्ट अजिबातच नसेल तर विका. दोन असतील आणि तिसरी अर्धवट, तर मी थांबेन, पण बारा महिन्यांच्या पुढे नाही.

विकताना एक अडचण येते ती आधी सांगतो. अशा मॉलमध्ये रेडी रेकनरचा, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेला, दर बाजारापेक्षा पुष्कळ वर राहिलेला असतो. खरेदीखतातली किंमत त्या मूल्यापेक्षा फार कमी असेल, म्हणजे मुद्रांक मूल्य व्यवहाराच्या ११० टक्क्यांहून जास्त असेल, तर आयकरात तुमची विक्री त्या मूल्याला झाली असं धरतात, आणि खरेदीदारालाही फरकावर कर बसू शकतो. यावर मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवण्याची मागणी करता येते. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल आणि बंद मजल्याचे तारखेसह फोटो आधीच तयार ठेवा. तोटा झाला तर तो दीर्घकालीन भांडवली तोटा म्हणून आठ वर्षं पुढे ओढता येतो, पण विवरणपत्र मुदतीत भरलं असेल तरच. सीएला खत करण्याआधी भेटा, नंतर नाही.

आणि ब्रोकरला हो किंवा नाही म्हणण्याआधी आजच एक काम करा. चार वर्षं बंद असलेल्या गाळ्याला १४ लाख कोण देतोय? नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर गाव आणि मिळकत क्रमांक टाकून त्या मॉलमधले गेल्या दोन वर्षांतले इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या खतांचे गोषवारे, काढा. एकच नाव किंवा एकाच पत्त्यावरच्या दोन-तीन कंपन्या तुमच्या मजल्यावर सलग गाळे घेताना दिसल्या, तर कोणीतरी तुकडा जमवतोय. नकाशावर ते गाळे रंगवा. तुमचा गाळा त्या रंगाच्या मधोमध असेल तर १४ हा बोलणी सुरू करण्याचा आकडा आहे. कडेला असेल किंवा तसा रंग कुठेच नसेल, तर व्याजमाफीचा ठराव करून घ्या आणि खत लवकर उरका.